अरण्यदर्शन आणि सर्पपरिचय

भोपाळमधील करोंदच्या कृषी उपज मंडीत गव्हाच्या राशी पडू लागल्या, की धान्यामागे उंदीर आणि उंदरांमागे साप हा क्रम दरसाल अटळपणे सुरू होतो. आणि पुढे पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले, म्हणजे कालपरवापर्यंत शेते असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या आमच्या वसाहतींच्या ओट्यांपर्यंत व न्हाणीघरांपर्यंत तेच साप येऊन पोहोचतात. अशा वेळी कोणी सर्पमित्राला दूरध्वनी करतो, तर कोणी काठी उचलतो. त्या काठीखाली येणारा जीव बहुधा धामण असतो, म्हणजे विष नसलेला आणि मंडीतल्या उंदरांचा मोठा वैरी असलेला, आणि त्याला मारणाऱ्याने विषारी मण्यार व बिनविषारी कवड्या यांतील भेद आयुष्यात एकदाही कोणाकडून समजावून घेतलेला नसतो. हे शिक्षण शाळेच्या चार भिंतींत पुरेसे होत नाही व वनविहार उद्यानातील काचेआड तर मुळीच होत नाही. ते अरण्यात, पायी चालताना, जाणत्या वाटाड्याच्या सोबतीनेच व्हावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुदैवाने भोपाळला या कामी लागणारी भूमी शोधावी लागत नाही. शहराच्या दक्षिणेकडे समर्धा आणि कठोतिया येथील सागाची, पळसाची, तेंदूची राने आहेत. त्यांच्यापलीकडे रातापानीचे अरण्य आहे, ज्याला डिसेंबर 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळून पुरातत्त्ववेत्ते डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांचे नाव देण्यात आले. आपणां मराठी माणसांना या नामकरणाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाकणकरांनी 1957 साली भोपाळकडे येणाऱ्या आगगाडीतून भीमबेटकाचे खडक पाहिले आणि मग प्रत्यक्ष तेथे जाऊन, पायाखालची माती तुडवीत, गुहांमागून गुहा धुंडाळल्या, ही गोष्ट त्या अभिमानात विसरली जाऊ नये. ज्यांचे नाव त्या वनाला दिले, त्यांची विद्या पायी फिरून मिळविलेली होती. आज त्याच वनात जाणारा प्रवासी जीपमध्ये बसून वाघाची वाट पाहतो, आणि वाघ दिसला नाही म्हणून रिकाम्या हाताने परतल्याची खंत करतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी हिंडण्यास मज्जाव असणे योग्यच आहे. पण समर्धा-कठोतियासारख्या बाहेरच्या रानांत ती अडचण नाही.

राज्याचे वनखाते शाळकरी मुलांसाठी ‘अनुभूति’ शिबिरे भरविते, मुलांना रानात नेऊन पक्षी व वृक्ष दाखविते, हे स्तुत्य आहे. माझी तक्रार एवढीच, की ही शिबिरे भर हिवाळ्यात होतात, जेव्हा साप बहुतांशी बिळांत व कपारींत दडलेले असतात. सापांची खरी ओळख व्हावयाची तर पावसाळा उतरणीस लागल्यापासून आश्विन सरेपर्यंतचा काळ साधला पाहिजे, आणि तेवढी तजवीज वनखात्याच्या वेळापत्रकात करणे अशक्य नाही.

त्या दिवसांत एखाद्या खडकाळ माळावर वाटाड्याने मुलांना चार हात दूर थांबवून फुरसे दाखवावे. वीतभर-दोन वितींचा, मातीच्या रंगाचा हा साप डोक्यावरील बाणासारख्या फिक्या खुणेने ओळखू येतो; डिवचला गेला, की तो पळत नाही, तर अंगाचे वेढे एकमेकांवर घासू लागतो, आणि त्याच्या कुशीवरील करवती खवल्यांतून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा खरखरीत आवाज निघतो. तो आवाज म्हणजे चढाई नव्हे, इशारा आहे. अमेरिकेतील रॅटलस्नेक हाच इशारा शेपटीच्या खुळखुळ्याने देतो. तो खुळखुळा नखांच्याच द्रव्याचा बनलेला असतो आणि प्रत्येक वेळी कात टाकल्यावर त्यात एक नवे कडे वाढते. डोळा व नाकपुडी यांच्यामधील खळगीने भक्ष्याच्या देहाची ऊब ओळखणारे रॅटलस्नेकचे सख्खे भाऊबंद, म्हणजे आपले चापडे, सह्याद्रीत आणि सातपुड्याच्या बांबूवनांतही आढळतात.

इशारा देणाऱ्या त्या रॅटलस्नेकची पुढे काय गत झाली, हे आपण नीट पाहावे. टिंबर रॅटलस्नेकची मादी वयात येण्यास कित्येक वर्षे घेते, त्यानंतरही काही वर्षांच्या अंतरानेच पिल्ले देते, आणि थंडीत अनेक साप एकाच कपारीत गोळा होतात. त्यामुळे एका कपारीवर एका दुपारी पडलेला घाला पिढ्यांचा नाश करतो. कॅनडातून ही जात पार नाहीशी झाली, आणि मॅसासॉगा नावाच्या दुसऱ्या जातीला अमेरिकेने 2016 साली संकटग्रस्तांच्या यादीत घेतले. तथापि जॉर्जिया राज्यातील क्लॅक्स्टन गावाने साप पकडून आणण्याची आपली जुनी जत्रा 2012 पासून बंद करून तिच्या जागी वन्यजीवांची ओळख करून देणारा उत्सव सुरू केला, हे या प्रकरणातील आशेचे पान आहे. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक निघत असे. न्यायालयाच्या आदेशांनी तीस आळा बसला, आणि त्यावरून उठलेला वाद अद्याप पुरता शमलेला नाही. श्रद्धेचा मान राखूनही मला असे म्हणावेसे वाटते, की नागाचे दर्शन त्याच्या स्वतःच्या वारुळापाशी, दुरून घेणे हीच अधिक शुद्ध पूजा होय.

आपल्याकडील घोणस किंवा फुरसे मात्र आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. संकट येथे उभयपक्षी आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाकाठी सरासरी अठ्ठावन्न हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि मध्य प्रदेश हा त्यात जबर किंमत मोजणाऱ्या प्रांतांपैकी एक आहे. 2024 साली केंद्र सरकारने हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. परंतु आराखडा दफ्तरात राहून माणूस वाचत नाही. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि पुष्कळदा त्याची वेदनाही जाणवत नाही. म्हणून अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, अंधारात हातातील बत्ती, लाकडाच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने केलेली चाचपणी, आणि दंश झालाच तर जखम न चिरता, आवळून न बांधता, मांत्रिकाकडे न जाता तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठणे, एवढ्या गोष्टी त्या वनफेरीत दहा वर्षांच्या मुलाने शिकून घरी सांगितल्या, तर त्या आई-आजीपर्यंत पोहोचतात. सरकारी भित्तिपत्रक तेथवर पोहोचत नाही.

या फेऱ्यांत साप पकडून दाखविण्याचा मोह कोणीही धरू नये. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि हातात धरलेला साप पाहून मूल धाडस शिकते, सावधपणा शिकत नाही. कात, वारूळ, धुळीतील सरपटण्याची रेघ, आणि नशिबाने एखादा जिवंत साप दुरून, इतके पुरे. वाटाडे म्हणून रानालगतच्या गावांतील तरुणांनाच शिकवून तयार करावे व त्यांना रीतसर मेहनताना द्यावा, कारण तेंदूपत्ता तोडताना पाचोळ्यात पाऊल टाकण्याची जोखीम त्यांच्याच घरांनी पिढ्यान्पिढ्या पत्करलेली आहे.

वनखात्याने येत्या आश्विनात अशी एक तरी फेरी समर्ध्याच्या रानात काढावी, आणि तिच्या पहिल्या तुकडीत करोंदच्या शाळांतील मुलांना जागा द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भोपाळमधील मराठी मंडळींनी तोवर आपल्या गणेशोत्सवातील एक संध्याकाळ या विषयासाठी राखून ठेवावी.