सावतोबांचा बाजार आणि प्लास्टिकची पिशवी

शेतकऱ्याने आपला माल थेट ग्राहकाच्या हाती द्यावा, या हेतूने राज्य शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि शेतकरी आठवडे बाजारांची योजना आखली. योजनेला नाव दिले ते संत शिरोमणी सावता माळी यांचे. सावतोबांचे अरण आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पंढरी जवळ असूनही ज्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला, त्या संताच्या जिल्ह्यातील भाजीबाजारात आज काय दिसते? दोन रुपयांच्या मिरचीला एक पिशवी, कोथिंबिरीच्या जुडीला दुसरी, आणि या साऱ्या पिशव्या घालायला आणखी एक मोठी पिशवी!

कायदा नाही म्हणून हे चालले आहे, असे नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईची गटारे प्लास्टिकने तुंबली, तेव्हा शासन जागे झाले आणि २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तर पिशवीवर सरसकट बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार, तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्रानेही १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद केल्या. कागदावर एवढा बंदोबस्त क्वचितच कोणत्या वस्तूचा झाला असेल. प्रत्यक्षात पथक येते आणि दंडाची पावती फाटते ती मोहोळहून पहाटे पाटी घेऊन आलेल्या म्हातारीच्या नावाने. तिच्या दिवसभराच्या विक्रीचीही एवढी रक्कम होत नाही. पिशव्यांची पोती ज्या गोदामात उतरतात, तिथे हे पथक किती वेळा जाते?

मात्र सारा दोष शासनावर ढकलून समाजाला मोकळे होता येणार नाही. २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा राज्यात लागू झाला, त्याचे आपण मनापासून स्वागत केले. गाईच्या गळ्यावरची सुरी कायद्याने दूर केली. पण तिच्या पोटात पिशवी कोण घालत आहे? भाजीचे देठ, उरलेला भात आपण पिशवीत बांधून, वर गाठ मारून रस्त्यावर टाकतो. गाईला गाठ सोडता येत नाही. खरकट्याच्या वासाने ती पिशवीसकट गिळते. पोटाच्या पहिल्या कप्प्यात ते प्लास्टिक ना पचते, ना पुढे सरकते. त्याचा दोरखंडासारखा पीळ होतो. पोट भरल्याचा भास होऊन गाय चारा सोडते, रवंथ थांबते. मग एकतर शस्त्रक्रिया, नाहीतर उपासमारीचे मरण. गोग्रास काढून मग जेवणाऱ्या घरातूनच ही पिशवी बाहेर पडते, हे कटू असले तरी सत्य आहे.

होळी-गणेशोत्सव आला की ज्यांना पर्यावरण आठवते आणि एरवी वर्षभर विसर पडतो, त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही नाही. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात पर्यावरण गतिविधीने ‘एक थाळी, एक थैला’ अभियानातून घरोघरी जमवलेली धातूची ताटे आणि कापडी पिशव्या भाविकांच्या हाती दिल्या. कुंभात जे साधले, ते सोलापूरच्या मंडईत का साधू नये?

आणि पिशवीसाठी सोलापूरने दुसऱ्याच्या दारी जावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. चादरीला भौगोलिक मानांकन मिळवणारे हे शहर. इथल्या पद्मशाली विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालवले. १९३० चा मार्शल लॉ सोसलेले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार सुपुत्र फासावर गेलेले पाहणारे हे गाव स्वदेशीचा अर्थ जाणते. गिरण्यांचे भोंगे थांबले असले तरी यंत्रमाग चालू आहेत. त्यांच्या जाडसर कापडाची, तुकड्यांची पिशवी बचत गटातील भगिनी शिवू शकतात. (कापडासारखी दिसणारी ती रंगीत ‘नॉन-वोव्हन’ पिशवी मात्र कापड नव्हे, ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच.)

पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळते, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. म्हणूनच हा नियम एकेका विक्रेत्याच्या गळ्यात न मारता संपूर्ण बाजाराला एकाच दिवशी लागू झाला पाहिजे. बाजाराच्या तोंडाशीच अनामत घेऊन कापडी पिशवी द्यावी, परत केल्यावर पैसे परत करावेत. जुडी बांधायला केळीचे सोप आणि सुतळी काल-परवापर्यंत होतीच. देवस्थानांनी आणि उत्सव मंडळांनीही महाप्रसादाला पत्रावळ-द्रोण परत आणावेत. येत्या संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत लाखोंचा समुदाय लोटेल. त्या आधी महापालिकेने पिशव्यांच्या घाऊक गोदामांना कुलूप ठोकावे आणि किती ठोकली, ते सोलापूरकरांना जाहीरपणे सांगावे.