सिझरचा व्रण आणि चौथ्या महिन्यात जागे होणारे सरकार

बाई दवाखान्यात बाळंत झाली की सरकार स्वतःची पाठ थोपटून घेते. ती बाळंत कशी झाली, हे मात्र कोणी विचारीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये देशात शंभरातली 8.5 बाळंतपणे सिझरने होत होती. 2019-21 च्या पाहणीत हा आकडा 21.5 वर गेला, महाराष्ट्रात 25.4. देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 14.3 टक्के, तर खाजगीत 47.4 टक्के! दवाखान्याचा दरवाजा बदलला की बाईचे शरीर बदलते काय?

गरजेचे सिझर आई-मुलाचा जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो विनाकारण फाडलेल्या पोटाबद्दल. कारण पिशवीवर व्रण राहतो आणि पुढच्या खेपेला गर्भ त्या व्रणातच रुजू शकतो. साधारण दोन हजार गरोदरपणांत एखादे असे असते. वैद्यकशास्त्रात याची पहिली नोंद 1978 सालची. व्रणाची जागा पातळ, म्हणून वार पिशवीच्या स्नायूत शिरते, कधी थेट मूत्राशयापर्यंत जाते. पाळी चुकलेली, थोडे अंगावरून जाते, एवढेच बाई सांगते. नेहमीचा गर्भपात समजून पिशवी साफ करायला घेतली की रक्त थांबत नाही. गर्भ वाढू दिला तर बाळंतपणात वार सुटत नाही आणि पुष्कळदा पिशवीच काढावी लागते. वार खाली सरकलेली असेल तर ती अशी रुतून बसण्याचा धोका दुसऱ्या सिझरच्या वेळी 11 टक्के आणि तिसऱ्या वेळी 40 टक्के, असे अमेरिकेतील 2006 चा अभ्यास सांगतो. म्हणजे पहिल्या सिझरचे बिल एकदा भरून संपत नाही.

हे ओळखता येते ते सहाव्या-सातव्या आठवड्यात, आतून केलेल्या सोनोग्राफीत. आता सरकारची योजना पाहा. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला मोफत तपासणी होते, पण ती चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी. तोवर व्रणातला गर्भ फुटलेला असू शकतो. पैसेवाली बाई पाळी चुकताच शहरात सोनोग्राफी करून घेते. ऊसतोड करणारी बीडची बाई त्या वेळी परजिल्ह्यातल्या फडात कोयता चालवत असते. तिच्या कार्डावर आधीच्या सिझरची नोंद असली तरी ते कार्ड गावाकडच्या पेटीत!

तेव्हा मागणी करायची ती नेमकी करावी. आधी सिझर झालेल्या प्रत्येक बाईची सोनोग्राफी दुसरा महिना संपण्याआत मोफत व्हावी, कारखान्याच्या हद्दीतही व्हावी. उपजिल्हा रुग्णालयात रक्त चोवीस तास असावे. आणि प्रत्येक खाजगी दवाखान्याने महिन्याला किती बाळंतपणे केली, त्यातली सिझर किती आणि कशासाठी, हे दारावरच्या फळ्यावर लिहावे. दर लिहिण्याची सक्ती होऊ शकते, तर याचीही होऊ शकते.