पेटी कोण उघडणार?

आपल्या बहुतेक संघटनांच्या कार्यालयात टेबलाखाली एक काळी पेटी असते. तिच्यावर धूळ असते, कधी पत्रकांचा गठ्ठाही असतो. निवेदने, सभांचे वृत्तान्त, हिशेब, मदत मागायला आलेल्या बायकांच्या नोंदी, हे सगळे त्या पेटीत साठलेले असते. काम बायका करतात, टायपिंगही बायकाच करतात. पण संगणक 'स्लो' झाला की कोणाचा तरी भाऊ, कोणाचा नवरा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा बोलावला जातो. तो चार स्क्रू काढतो, आत डोकावतो आणि सांगतो, "मॅडम, हे जुनं झालंय, नवीन घ्या." मग आपण वर्गणीची पावतीपुस्तके काढतो.

मला एवढेच म्हणायचे आहे की ती पेटी उघडायला आपण शिकले पाहिजे. तिच्यात कोणता भाग घ्यायचा, कोणता बदलायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही. तो पैशाचा प्रश्न आहे, बाईच्या श्रमाला किती मोल द्यायचे याचा प्रश्न आहे आणि आपल्याकडे विश्वासाने आलेल्या बाईच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

'बायकांना यंत्रातले कळत नाही' हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आपल्यालाही ते खरे वाटू लागते. पण शिलाई मशीन चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. पातळ कापडाला ११ नंबरची सुई, जाड कापडाला १६ नंबरची, हे तिला पाठ असते. बॉबिन केस काढून साफ करणे, तेल घालणे, पट्टा बदलणे ती स्वतः करते. कुकरची रिंग आणि व्हॉल्व्ह कोण बदलते? यंत्र कळत नाही असे नाही. कोणते यंत्र बाईचे आणि कोणते पुरुषाचे, ही वाटणी कोणीतरी आधीच करून ठेवली आहे.

संगणकाच्या बाबतीत तर ही वाटणी इतिहासालाही धरून नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'एनियाक' हा अवाढव्य इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला गेला. त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्याला काम कसे सांगायचे हे शोधून काढण्यासाठी १९४५ साली सहा स्त्रियांची निवड झाली: के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीत जायची परवानगीही नव्हती. कागदावरचे आराखडे वाचून त्यांनी यंत्र समजून घेतले. पुढे बिघाड झाला तर तो कोणत्या ट्यूबच्या आसपास आहे हे त्या सांगू शकत. फेब्रुवारी १९४६मध्ये यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, कौतुक झाले, मेजवानी झाली. या सहाजणींना मेजवानीचे आमंत्रण नव्हते.

नंतरच्या काळात चिपा बनू लागल्या तेव्हाही हात बायकांचेच होते. मलेशियातल्या पेनांग येथे १९७२ साली मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतल्या हजारो तरुण मुली तिथल्या कारखान्यांत आल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून केसाहून बारीक तार चिपेला जोडायची, हे त्यांचे काम. बायकांची बोटे चपळ असतात म्हणून त्या या कामाला योग्य, असे सांगून परदेशी कंपन्यांना बोलावले गेले. बोटे चपळ, मजुरी कमी आणि काही वर्षांत डोळे अधू. म्हणजे पेटीतला भाग बनवायला बाई चालते. तो भाग निवडायला, बसवायला मात्र दादा हवा!

आता घरात येऊ. सुटे भाग घेऊन संगणक जोडून घेणे, म्हणजे 'असेंबल' करणे, आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कितीतरी घरांचे संगणक जोडले गेले. दुकानदार कागदावर यादी करतो: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. पण त्या यादीआधी घरात एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुधा विचारलाच जात नाही. या संगणकावर कोण, कोणते काम करणार आहे?

मुलाला गेम खेळायचे असतात, म्हणून यादीत मोठे ग्राफिक्स कार्ड येते. पुष्कळदा तो सगळ्या पेटीतला सर्वांत महाग भाग असतो. आई बचत गटाचे हिशेब लिहिते, शिकवण्या घेते, घरबसल्या टायपिंगची कामे करते. तिच्या कामाला हे कार्ड लागतच नाही, प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स पुरते. तिला हवी पुरेशी रॅम, वेगवान डिस्क, डोळ्यांना त्रास न देणारा पडदा, हाताला बरा वाटणारा कीबोर्ड आणि वीज गेली तर काम वाचवणारा यूपीएस. पण यादी करताना पैसे संपतात ते नेमके इथेच. मुलाच्या खेळाला दुजाभाव करा असे मी म्हणत नाही. ज्या कामातून घरात चार पैसे येतात त्या कामाची गरज यादीत शेवटी का, एवढे विचारते आहे. हा वाद स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या उंचीइतकाच जुना आहे. ओट्याशी जी उभी राहणार, तिला कोणी विचारले होते?

यादी वाचता येण्यासाठी फार इंग्रजी लागत नाही. प्रोसेसर हा प्रत्यक्ष काम करणारा भाग. रॅम म्हणजे कामाचा ओटा. तो मोठा असेल तर एका वेळी जास्त भांडी मांडता येतात. डिस्क म्हणजे फडताळ, जिथे सगळे कायमचे ठेवलेले असते. मदरबोर्ड या सगळ्यांना जोडतो आणि एसएमपीएस सगळ्यांना वीज पुरवतो. 'आय सेव्हन आहे' एवढे ऐकून भुलू नका, कितव्या पिढीचा ते विचारा. २०१३चा आय-सेव्हन २०२२च्या आय-थ्रीपुढे मागे पडतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. तो घेतला तर कार्ड घ्यावेच लागते. आणि काटकसर एसएमपीएसवर करू नका. बेनावाचा स्वस्त एसएमपीएस बिघडला तर इतर भागांनाही घेऊन जातो.

आता आपल्या कार्यालयातल्या त्या जुन्या पेटीकडे वळू. ती खरोखर निकामी झाली आहे का, हे दुकानदाराआधी तिलाच विचारता येते. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक अडखळत असताना तिथे पाहा. डिस्कसमोर १०० टक्के दिसत असेल तर फडताळ संथ आहे. मेमरी भरलेली दिसत असेल तर ओटा अपुरा आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर बहुतेक वेळा पहिलेच उत्तर मिळते. तिच्या जागी एसएसडी बसवली की दहा वर्षांचे यंत्रही हलके होते. खर्च नव्या संगणकाच्या मानाने लहानसा. चालू करताना तारीख चुकीची दिसते म्हणून 'मदरबोर्ड गेला' असे कोणी सांगितले, तर आधी मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, बदलून पाहा. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते.

रॅम वाढवताना जात पाहावी लागते. डीडीआर ३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यांची खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची रॅम आकाराने वेगळी. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी चिपांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव कडाडले. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉन या बड्या कंपनीने 'क्रुशियल' या नावाने ग्राहकांना रॅम विकणे बंद करत असल्याचे जाहीर केले. दूर कुठेतरी झालेला निर्णय आपल्या वर्गणीच्या डब्यापर्यंत येतो तो असा. म्हणून आहे ते नीट वापरणे आणि लागेल तेवढेच घेणे ही नुसती काटकसर नाही, तो बाजाराला दिलेला नकारही आहे.

असाच दुसरा रेटा विंडोजचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे साधारण २०१८च्या आधीची बरीच यंत्रे यादीबाहेर गेली. ती बिघडली नव्हती, त्यांना बिघडलेली ठरवले गेले. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली चालते, तिच्यावर देवनागरी लिहिता येते, पत्रके आणि हिशेबही होतात. आठवडाभर सवय करावी लागेल, एवढेच. आणि टाकून दिलेली यंत्रे जातात कुठे? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत बायका आणि मुले उघड्या हातांनी ती फोडतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले, तरी जे यंत्र टाकलेच नाही त्याचा कचरा होत नाही, हे साधे गणित आहे.

यापुढचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. जुनी डिस्क काढली, पुढे काय? दुकानदार म्हणतो, "जुनी द्या, थोडे पैसे कमी करतो." त्या डिस्कवर काय असते? नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार करणाऱ्या बाईचा जबाब, तिचा सध्याचा पत्ता, मुलांच्या शाळेचे नाव, वैद्यकीय अहवाल, फोटो. फाइल 'डिलीट' केली किंवा झटपट फॉर्मॅट केली तरी मजकूर पुसला जात नाही, फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते. सहज मिळणाऱ्या प्रोग्रॅमने तो परत काढता येतो. तालुक्याच्या गावात दुकानदार कोणाचा तरी मेहुणा असतोच. ती बाई ज्या घरातून लपून निघाली, त्या घरापर्यंत तिचा पत्ता पोचायला किती वेळ लागेल?

बलात्कारित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली होता, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. कायदा प्रसिद्धीपुरता बोलतो. आपली जबाबदारी त्याहून मोठी आहे. नोंदवह्यांच्या कपाटाला आपण कुलूप लावतो आणि त्याच नोंदी डिस्कसकट दुसऱ्याच्या हाती देतो, हे चालणार नाही. जुनी हार्ड डिस्क कपाटात ठेवा, नाहीतर तिच्यावर संपूर्ण नवी माहिती लिहून ती पुसा, नाहीतर हातोडीने आतल्या तबकड्या फोडा. एसएसडी अशा रीतीने खात्रीने पुसली जात नाही, म्हणून ती पहिल्या दिवसापासून सांकेतिक कुलपात ठेवावी. व्हेराक्रिप्ट हा त्यासाठी मोफत मिळणारा प्रोग्रॅम आहे. दुरुस्तीला यंत्र द्यावेच लागले तर डिस्क काढून द्यावी. आणि ती काढता येण्यासाठी पेटी उघडता यायला हवी.

कोणी म्हणेल, रोज केसेस येतात, मोर्चे आहेत, कोर्टाच्या तारखा आहेत, त्यात हे कुठे? प्रश्न रास्त आहे. सगळ्यांनी सगळे शिकायची गरज नाही. पण कायदाही आपला विषय नव्हता. वकील सांगेल ते मान्य करायचे, अशी एक वेळ होती. मग आपण कलमे वाचली, शिबिरे घेतली आणि आज आपली कार्यकर्ती पोलीस ठाण्यात कलम सांगते. शरीराचेही तसेच. डॉक्टरांच्या भाषेत अडकलेले ज्ञान आपण आपल्या भाषेत आणले. यंत्र हा त्याच मालिकेतला पुढचा विषय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१मध्ये देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी आणि फक्त ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. ही दरी फुकट फोन वाटून भरणार नाही. यंत्राची भीती जायला हवी, आणि ती हात लावल्याशिवाय जात नाही.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गटाने दोघींना हे काम द्यावे; एकीला नको, नाहीतर तीच नवी 'दादा' होईल. एक स्क्रूड्रायव्हर, एक मऊ ब्रश आणि एक वही घ्यावी. वहीत प्रत्येक यंत्राचे मॉडेल, रॅमची जात, डिस्कचा प्रकार आणि कोणता भाग कधी बदलला ते लिहावे. काही बदलण्याआधी सगळ्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती कुलपात ठेवावी. यंत्र बंद करून वायर काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी, मग काम करावे. एसएमपीएसचे झाकण मात्र कधीही उघडू नये, वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. पहिल्या दिवशी फक्त उघडा, धूळ काढा, भाग ओळखा आणि बंद करा. दुसऱ्यांदा रॅम काढून पुन्हा बसवा. तिसऱ्यांदा डिस्क.

हे करताना काही अडले तर दुकानात जरूर जावे, जाणकाराला विचारावे. पण तेव्हा आपण यंत्र कुठे अडते आहे ते पाहून गेलेल्या असू, वही हातात असेल आणि डिस्क आपल्या कपाटात असेल. "नवीन घ्या" या सल्ल्यावर "का?" असे विचारता येईल आणि मिळालेले उत्तर पारखताही येईल. पुढच्या अंकासाठी आपापल्या गटांचे अनुभव लिहून पाठवा. कोणत्या यंत्रात काय बदलले, किती खर्च आला आणि काय जमले नाही, तेही कळवा.