ऑनलाइन स्वस्त ग्राफिक्स कार्ड खरंच स्वस्त असतं का?

सावेडीत किंवा संगमनेरला कॉम्प्युटरचं दुकान टाकणार असाल तर हे रोज ऐकावं लागणार: "ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त दाखवतंय, तुम्ही लुटता काय?"

चिडू नका. आधी बघा, कार्ड तेच आहे का. आरटीएक्स ३०६० हे नाव १२ जीबीलाही आहे आणि ८ जीबीलाही. पण ८ जीबीवाल्याची मेमरी बस १९२ ऐवजी १२८ बिटची, म्हणून ते स्लो.

मग बिल. समजा, पक्क्या बिलाचं कार्ड २९,५०० ला आणि बिनबिलाचं २७,००० ला मिळतंय. स्वस्त कुठलं? २९,५०० मध्ये १८ टक्के जीएसटीचे ४,५०० आहेत. तुमचं रजिस्ट्रेशन रेग्युलर असेल (कंपोझिशनवाल्यांना हे नाही) आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल, तर त्याचं क्रेडिट मिळतं. खरेदी पडली २५,००० ला. म्हणजे बिनबिलाचंच २,००० नी महाग, वर वॉरंटीची बोंब!

जुना मालही असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. विका, पण गिऱ्हाइकाला सांगून विका.

माझं मत विचाराल तर सगळ्यात खालच्या भावाशी झुंजूच नका. कोटेशनवर मॉडेल, जीबी, वॉरंटीची वर्षं लिहा. आणि ऐन लग्नसराईत एडिटिंगवाल्याचं कार्ड गेलं, तर सर्व्हिस सेंटरला ते तुम्ही पाठवणार की तो, हेही तिथेच लिहा.