स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे

जयपूरच्या दक्षिणेला टोंक रस्त्याजवळ सांगानेरचा विमानतळ आहे. याच रस्त्याने पुढे निवाईजवळ वनस्थली विद्यापीठ लागतं. मुलींच्या या विद्यापीठात 1962 पासून ग्लायडिंग आणि फ्लाइंग क्लब आहे. देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांपैकी अवनी चतुर्वेदी इथेच शिकल्या आणि उड्डाणाचा पहिला अनुभव त्यांनी याच क्लबमध्ये घेतला. आपल्याकडे महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे इथे हलकी विमानं उडवायला शिकवतात. मराठी मुलं देशभर या शिक्षणासाठी जातात. त्यांच्या पालकांशी आज एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे: विमानविद्येचे शब्द मुलांना पाठ आहेत, पण कळले आहेत का?

‘स्टॉल’ घ्या. गाडी चढावर बंद पडते तसं विमानाचं इंजिन बंद पडणं, असा अर्थ बहुतेकांच्या मनात असतो. तो चुकीचा आहे. समोरून येणाऱ्या हवेला पंख ज्या कोनात भिडतो, तो ‘अँगल ऑफ अटॅक’. हा कोन साधारण 15-16 अंशांच्या पुढे गेला की पंखावरून वाहणारी हवा त्याला सोडून जाते आणि उचल ढासळते. इंजिन पूर्ण ताकदीने चालू असतानाही हे घडतं. सेस्ना 172 सारखं विमान सरळ उडत असताना फ्लॅप न उघडता 50 नॉटच्या आसपास स्टॉल होतं. तेच 60 अंश कललं आणि उंची तशीच राखायची म्हटलं, तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग 70 नॉटवर जातो. उतरताना विमानाचा वेग साधारण तेवढाच असतो. म्हणून धावपट्टीकडचं शेवटचं वळण चुकलं की ते ओढूनताणून सरळ करण्याचा मोह जिवावर बेततो. अशा वेळी जमीन जवळ दिसत असतानाही नियंत्रणाची दांडी पुढे ढकलून आधी तो कोन कमी करावा लागतो. ज्याला स्टॉल कळला आहे, त्याचाच हात हे धाडस करतो.

‘क्यूएनएच’ची गोष्टही अशीच. नियंत्रण कक्षाने सांगितलेला हा हवेचा दाब उंचीमापकावर लावला की काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. सांगानेरला विमान जमिनीवर उभं असतानाच तो सुमारे 1,260 फूट दाखवेल. जुहूला जवळपास शून्य. ‘सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) 1,000 फुटांवर’ एवढंच पाठ असलेला, पण ते जमिनीपासून मोजायचे हे न कळलेला मुलगा सांगानेरला काटा 1,000 वर आणायला गेला, तर त्याआधीच जमीन लागेल.

तिसरा शब्द ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’. मे महिन्यात जयपूरचा पारा 43 अंशांवर गेला की सांगानेरची हवा इतकी विरळ होते की पंखांना आणि इंजिनाला ती जवळपास 5,000 फुटांवरच्या हवेसारखी लागते, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरची. धावपट्टी जास्त लागते, विमान चढायला वेळ घेतं. सकाळी सहज उडालेलं विमान दुपारी तेवढ्याच वजनाने तसं उडणार नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) लेखी परीक्षांत उत्तीर्ण व्हायला 70 टक्के गुण लागतात. पर्यायी उत्तरांचे प्रश्नसंच घोकून ते मिळवता येतात. लहान गावातला, मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजी वर्गात संकोचाने शंका गिळतो आणि घोकंपट्टीच्या आश्रयाला जातो. हुशारी त्याच्याकडे असते. आपल्या भाषेत प्रश्न विचारायची सोय नसते.

याचा अर्थ रेडिओवर मराठी बोलावं असा नाही. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरयाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 माणसं गेली. 15,000 फुटांवर राहायचं असलेलं कझाक विमान त्याखाली उतरलं होतं, आणि त्या वैमानिकांचं तोकडं इंग्रजी चौकशीत चर्चेला आलं. आकाशात संज्ञा सगळ्या जगाच्या त्याच हव्यात, आणि त्यांचं इंग्रजी पक्कंच हवं. पण त्या संज्ञेमागचं विज्ञान ज्या भाषेत मूल विचार करतं, त्याच भाषेत त्याच्या मनात उतरतं.

म्हणून महाराष्ट्रातल्या प्रशिक्षण संस्थांनी जमिनीवरच्या वर्गांत मराठीतून समजावण्याची मोकळीक द्यावी. आणि शिकवणाऱ्यांनी मुलाला पहिल्यांदा एकट्याने उडू देण्याआधी स्टॉल, क्यूएनएच आणि डेन्सिटी अल्टिट्यूड त्याच्याकडून त्याच्या भाषेत, कागदावर आकृती काढून ऐकावं. पालकांनो, प्रवेश घेताना विमानं किती आणि शुल्क किती एवढंच विचारू नका. शंका विचारणाऱ्या मुलाला तिथे वेळ देतात का, हेही विचारा.