घोडे मोजून कॅम निवडू नये

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर १९३८ मध्ये पार्कर धरण पूर्ण झालं आणि त्याच्यामागे, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर, लेक हवासू हा जलाशय तयार झाला. चेनसॉ आणि आउटबोर्ड इंजिनं बनवणाऱ्या रॉबर्ट मॅककलॉक यांनी इंजिनांच्या चाचण्यांसाठी तो हेरला. पुढे त्यांनी काठावर गाव वसवलं आणि १९६८ मध्ये चक्क लंडनचा जुना पूल २४ लाख ६० हजार डॉलरला विकत घेऊन तिथे उभा केला. त्या पुलाखालच्या कालव्यातून बोटींनी लाटा न उठवता, रांगत जायचं असा नियम आहे. साडेसात लिटरच्या आसपासचं व्ही-८ इंजिन पोटात घेतलेल्या जेटबोटी तिथे गुरगुरत पुढे सरकतात आणि मोकळं पाणी दिसताच सुसाट सुटतात.

अशा बोटीचं इंजिन नव्यानं बांधताना एका प्रश्नावर हटकून वाद होतो: फ्लॅट टॅपेटचा कॅम घ्यायचा की रोलरचा? वाद बहुतेक वेळा अश्वशक्तीवर घातला जातो. या स्तंभाच्या मते त्याचं उत्तर त्या संथ कालव्यात शोधायला हवं.

जुन्या बुलेटचे टॅपेट ज्यांनी सेट करून घेतलेत, त्यांना टॅपेटचं काम वेगळं सांगायला नको. कॅमचा लोब त्याला वर ढकलतो, तो पुशरॉडला आणि शेवटी व्हॉल्व्ह उघडतो. फ्लॅट टॅपेटचा तळ दिसायला सपाट, पण त्याला नजरेला न कळणारा फुगवटा असतो. लोबही किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे टॅपेट काम करताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी साचत नाही. ही गिरकी थांबली की लोब काही मिनिटांत झिजून गुळगुळीत होतो आणि त्याचा लोखंडी चुरा तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत पोचतो. कॅमपुरतं दुखणं मग सबंध इंजिनाचं होतं.

म्हणूनच नवा फ्लॅट टॅपेट कॅम बसवल्यावर इंजिन सुरू होताच ते दोन ते अडीच हजार आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवावं लागतं. आयडलवर सोडायचंच नाही. मोटारीत हे सोपं. जेटबोटीत पंप थेट क्रँकशाफ्टला जोडलेला, गिअरबॉक्स नाही. बोट ट्रेलरवर असेल तर थंड पाण्याची सोय बाहेरून करायची, पाण्यात असेल तर ती जागेवर उभी राहत नाही. त्यात तेलाची भर पडली. झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं रसायन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतं, म्हणून २००४ च्या एपीआय एसएम दर्जानं नेहमीच्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली. जुन्या बोटीला कन्व्हर्टर नाही, पण दुकानातलं तेल मात्र कन्व्हर्टरवाल्या मोटारींसाठी बनलेलं.

याचा अर्थ फ्लॅट टॅपेट दुबळा असा नाही. नॅसकारच्या कप मालिकेत २०१४ पर्यंत हेच टॅपेट होते आणि ती इंजिनं नऊ हजार आरपीएमवर पाचशे मैल धावत. अर्थात त्यांच्यामागे पैसा होता, खास पोलादाचे टॅपेट होते, आणि शर्यतीनंतर इंजिन खोललं जाई. शनिवार-रविवारी पाण्यात उतरणाऱ्या आणि हिवाळाभर शेडमध्ये पडून राहणाऱ्या बोटीच्या नशिबी यातलं काही नसतं.

रोलर टॅपेटच्या तळाशी छोटं चाक असतं. घासणं जाऊन गडगडणं येतं, सुरुवातीच्या वीस मिनिटांचा धसका जातो, तेलाची मिजास कमी होते. शिवाय फ्लॅट टॅपेटला त्याच्या व्यासाची मर्यादा आहे. शेव्हरोलेचा टॅपेट ०.८४२ इंचांचा. लोब फार उभा केला तर स्पर्श टॅपेटच्या कडेवर जातो. त्यामुळे जास्त हवा हवी असेल तर व्हॉल्व्ह अधिक काळ उघडा ठेवणं, हा फ्लॅटवाल्यांचा सोपा मार्ग. रोलर तेवढ्याच वेळात व्हॉल्व्ह अधिक उंच उचलू शकतो.

बोटीत हा फरक जिवावरचा आहे. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये गार करण्यासाठी पाणी सोडलेलं असतं. कॅमनं व्हॉल्व्ह फार काळ उघडे ठेवले तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो आणि आयडलवर एक्झॉस्टमधला प्रवाह उलटा फिरतो. त्या ओढीनं पाणी सिलिंडरपर्यंत येतं. व्हॉल्व्ह गंजतात, कधी पिस्टनच अडतो. मोटारीत रुबाबदार वाटणारी ती अडखळती धडधड त्या पुलाखाली इंजिनाचा घात करते.

उंच आरपीएमचा मोहही फसवाच. पंपाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाच हजारांवरून साडेपाच हजारांवर जायचं तर आरपीएम दहा टक्के वाढले, शक्ती मात्र सुमारे तेहतीस टक्के जास्त हवी. पंपाचं तेच इम्पेलर ठेवून साडेसहा हजारांसाठी बनलेला कॅम घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

रोलर टॅपेट दोन प्रकारचे: आत तेलाची उशी असलेला हायड्रॉलिक आणि ती नसलेला, उंच आरपीएमसाठीचा सॉलिड. म्हणून सॉलिड रोलर या स्तंभाला हौशी बोटीसाठी साफ अमान्य आहे. त्याच्या स्प्रिंगा कडक. चाकातल्या बारीक सुयांच्या बेअरिंगला तेल मिळतं ते बरंचसं उडणाऱ्या शिंतोड्यांवर, आणि आयडलवर शिंतोडे कमी. शर्यतीत ते चालतं, कालव्यात रांगताना नाही.

उरतो हायड्रॉलिक रोलर. इंजिन मुळापासून बांधायचं असेल तर तोच घ्यावा, ओव्हरलॅप आटोक्यात ठेवून. जुन्या ब्लॉकमध्ये तो बसवताना खर्च मात्र कॅमच्या किमतीवर थांबत नाही. पुशरॉडची लांबी बदलते, स्प्रिंगा बदलतात. कॅम पुढे-मागे सरकू नये म्हणून बटण लागतं, कारण कॅमला जागेवर दाबून धरणारा लोबचा उतार आता नाही. बिलेट पोलादाच्या कॅमवर डिस्ट्रिब्युटरचा साधा लोखंडी गिअर चालत नाही, आणि कांस्याचा घातला तर तो झिजतो, अधूनमधून तपासावा लागतो.

आणि जुना फ्लॅट टॅपेट कॅम आवाज न करता नीट चालत असेल तर त्याला हात लावू नये. इतर कामासाठी इंजिन खोललंच, तर सोळाही टॅपेटांना नंबर घाला आणि प्रत्येक टॅपेट त्याच्याच भोकात, त्याच्याच लोबवर परत बसवा.