मॅपवरची निळी रेघ आणि पुराची निळी रेषा: मुठेकाठी सायकलवरून

सिंहगड रोडवर, एकतानगरीच्या जवळ माझी मावशी राहते. तळमजला. तिच्या पार्किंगमधल्या एका खांबावर साधारण माझ्या छातीएवढ्या उंचीवर चिखलाचा एक पुसट पट्टा आहे. दोन वेळा रंग देऊनही तो गेलेला नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठा तिथपर्यंत आली होती. मावशीची स्कूटर गेली, फ्रिज गेला, माझ्या मावसभावाची बारावीची पुस्तकं गेली.

आता गंमत बघा. तुमच्या फोनमधला कुठलाही मॅप उघडा आणि मावशीची सोसायटी शोधा. नदी तिच्यापासून चांगली लांब दिसते. बारीक, शांत, निळी रेघ. जुलैतही तीच रेघ, मेमध्येही तीच.

गेल्या रविवारी मी सायकल काढली आणि मावशीच्या गेटपासून विठ्ठलवाडी, राजाराम पूल, म्हात्रे पूल करत संगम आणि पुढे बंडगार्डनपर्यंत गेलो. कारण दोन होती. एक, पुण्यात सध्या नदीकाठ सुधार योजनेचं काम चालू आहे आणि त्यात काठाने सलग सायकल ट्रॅक मिळणार असं सांगितलं जातंय. तो कुठून जाणार ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. दुसरं म्हणजे फोनला नदी कितपत कळते ते तपासायचं होतं. उत्तर आधीच सांगतो: फारशी कळत नाही. पण का कळत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

फोनला दिसते ती हिवाळ्यातली नदी

मॅपमधलं सॅटेलाइट चित्र म्हणजे एकच फोटो नसतो. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तुकडे जोडून ते बनवतात, आणि तुकडे निवडताना पहिली अट असते की ढग नकोत. पुण्यात ढग कधी नसतात? नोव्हेंबर ते मे. म्हणजे ज्या तीन-चार महिन्यांत मुठा खरी नदी असते, त्या महिन्यांचे फोटो त्या चित्रात येतच नाहीत. आपण बघतो ती उन्हाळ्यातली, अंग चोरून वाहणारी मुठा. नकाशावर नदीची निळी रेघ काढतानाही अशाच चित्रांचा आधार घेतला जातो.

मग ढगांच्या आरपार बघणारा सॅटेलाइट नाही का? आहे. युरोपचा सेंटिनेल-१ रडारने बघतो. त्याला ढगही अडवत नाहीत आणि रात्रही. त्याची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात, 'कोपर्निकस ब्राउझर' फोनवरही उघडतो. मी मोठ्या उत्साहाने जुलै २०२४ ची चित्रं शोधायला बसलो. पण त्या काळात या जोडीतला एकच सॅटेलाइट चालू होता आणि तो एका जागेवर परत यायला १२ दिवस घ्यायचा. मुठेचा पूर येतो आणि काही तासांत उतरतो. ब्रह्मपुत्रेसारखा आठवडाभर पसरून राहत नाही. त्यामुळे आकाशातून तो सापडणं हा नशिबाचा भाग. मला नाही सापडला.

गुगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रं बघायची सोय आहे, आता मोबाइलवरही. ती मात्र जरूर बघा. डेक्कनच्या बाजूला जा आणि वर्षं मागे सरकवत न्या. पात्रातला रस्ता, मेट्रोचे खांब, काठावरचे भराव, सगळं एकामागून एक उगवताना दिसतं. पूर दिसत नाही, पण पुराची जागा कशी भरत गेली ते दिसतं.

"यू-टर्न घ्या"

म्हात्रे पुलाच्या पुढे नदीपात्रातल्या रस्त्याला लागलो. रविवारी सकाळी हा रस्ता सायकलला स्वर्ग आहे. सिग्नल नाही, चढ नाही, एका बाजूला झाडं. (वासाचं बोलत नाही. पुण्यात राहता, तुम्हाला माहीत आहे.) हा रस्ता पात्रात आहे म्हणजे अगदी पात्रातच आहे. धरणातून पाणी सोडलं की पहिला तो बुडतो, आणि त्याच्यासोबत बाबा भिडे पूल. 'भिडे पूल पाण्याखाली' ही बातमी आली की पुणेकरांचा पावसाळा अधिकृतपणे सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी कॉलेजवरून परत येत होतो. ॲपने मला याच रस्त्यावर वळवलं. अलीकडे बॅरिकेड, पलीकडे गढूळ पाणी, आणि फोन सांगतोय, "सरळ जा". मी थांबलो, मागे वळलो, तर बाईसाहेब म्हणतात यू-टर्न घ्या. हसू आलं, पण नंतर विचार केला की अंधार असता आणि बॅरिकेड नसतं तर?

असं का होतं? मॅपला ट्रॅफिक कळतं ते आपल्याच फोनमुळे. रस्त्यावर शंभर फोन रांगत असतील तर लाल, पळत असतील तर हिरवं. रस्ता बंद झाल्याचं मात्र कुणीतरी कळवावं लागतं, नाहीतर फोन येईनासे झाल्यावर सिस्टिमला अंदाज बांधावा लागतो. त्यात वेळ जातो. शिवाय हा रस्ता 'पाऊस पडला की बंद' असा नाहीच. तो बंद होतो धरणाचं दार किती उघडलं त्यावर. पुण्यात ऊन असतानाही, वर पानशेतकडे धो धो पडत असेल तर भिडे पूल बुडू शकतो. ॲपला तुमच्या गल्लीतला पाऊस माहीत असतो, खडकवासल्याचा दरवाजा माहीत नसतो.

आणि सायकलवाल्यांचं तर आणखी अवघड. आपण संख्येने इतके कमी की आपल्या हालचालींचा डेटाच विरळ. २०१७ च्या डिसेंबरमध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकदमच आल्या होत्या: गुगल मॅप्सचा भारतासाठीचा टू-व्हीलर मोड आणि पुण्यात ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली. टू-व्हीलर मोड टिकला. त्या सायकलींपैकी बऱ्याचशा दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकलींच्या शहरात.

क्युसेक म्हणजे काय रे भाऊ

त्या रात्री मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. विसर्ग वाढवला, इतके हजार क्युसेक. तिने वाचलाही होता. पण तिला विचारलं तर म्हणते, "आकडा होता रे, पण त्याचं करायचं काय?"

खरा प्रश्न हाच आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. त्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटत होतं. गुणाकार करा. सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. दर सेकंदाला.

एवढं का सोडावं लागतं? कारण खडकवासला लहान आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला मिळून साखळीत सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीपेक्षाही कमी. ३५ हजार क्युसेकने सोडलं तर त्याचा सगळा उपयुक्त साठा १६ तासांच्या आत संपेल, इतकं ते छोटं. उलटही तेवढंच खरं: वरची धरणं भरली आणि पाऊस थांबला नाही, तर ते पाणी थोपवून धरायला खडकवासल्यात फारशी जागाच नाही. आलं तसं खाली द्यावं लागतं.

आता दुसरी निळी रेषा. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांवर दोन रेषा आखतो. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींसह. मुठेची निळी रेषा आखताना धरलेला विसर्ग आहे सुमारे ६० हजार क्युसेक, लाल रेषेसाठी एक लाख.

आणि मावशीच्या पार्किंगमध्ये पाणी आलं ३५ हजारांना.

याचा अर्थ लगेच 'रेषा खोटी' असा काढू नका. धरणातून सुटलेला आकडा हा धरणापाशी मोजलेला असतो. तिथून शहरापर्यंत ओढे-नाले येऊन मिळतात, आणि त्या दिवशी शहरातही प्रचंड पाऊस होता. पण पात्रात टाकलेला राडारोडा, भराव, अरुंद झालेली वळणं यांनी नदीची वहनक्षमता कमी होते, हेही तितकंच खरं. सायकलवरून जाताना ते भराव दिसतात. काही ठिकाणी मी राडारोड्यावरूनच सायकल उचलून नेली. त्याच दिवशी पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना शॉक लागून तीन तरुण गेले. ती जागा भिडे पुलाला लागूनच आहे. तिथे मी फोटो काढला नाही.

नवा काठ

संगमानंतर दृश्य बदलतं. बंडगार्डनकडे योजनेचं काम दिसायला लागतं: दगडी पायऱ्या, सपाट काठ, रेलिंग. खोटं का बोलू, तिथे सायकल चालवायला मजा येते. एकूण ४४ किलोमीटरचा हा प्रकल्प आहे. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. आराखडा अहमदाबादच्या ज्या संस्थेने साबरमतीचा काठ केला तिचाच आहे. सांडपाण्यासाठी वेगळी योजना आहे, जपानच्या 'जायका'च्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रांची.

महापालिकेचं म्हणणं असं की काठ नीट बांधले की पूर पात्रातच राहील. विरोध करणारे पर्यावरणप्रेमी म्हणतात की भराव टाकून पात्र अरुंद केलं तर पाणी दुसरीकडे चढणार, आणि काठची झाडं जाणार ती वेगळीच. मला विचाराल तर साबरमतीशी तुलना मुळातच अर्धवट आहे. तिथे शहरातून दिसणारं पाणी मुख्यतः नर्मदेच्या कालव्याचं. इथे वरती एक छोटं धरण आहे जे काही तासांत नदीचं रूप पालटवतं.

पण माझा मुद्दा बाजू निवडण्याच्या अलीकडचा आहे. उद्या हा सायकल ट्रॅक पूर्ण झाला की मॅपवर तो छान हिरव्या रेघेने येणार. कुठलंही ॲप तो सुचवणार, कारण सपाट, सलग, गाड्या नाहीत. त्याच काठाची पूररेषा मात्र विकास आराखड्याच्या नकाशांत आणि पीडीएफमध्ये. विसर्गाचा आकडा व्हॉट्सॲपवर. या तिन्ही गोष्टी एकाच स्क्रीनवर का नाहीत? हे अवघड तंत्रज्ञान नाही. इतक्या क्युसेकला कुठवर पाणी, याची गणितं करूनच तर रेषा आखतात. १० हजार, २० हजार, ३५ हजार अशा टप्प्यांचे थर सगळ्यांसाठी खुले केले तर कुठलाही कॉलेजचा पोरगा त्यावर ॲप बनवेल. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच' ॲप आहे, गुगलचं 'फ्लड हब' आहे, दोन्ही कामाची आहेत. पण ती नदीवरच्या ठरावीक ठिकाणची पातळी सांगतात. मावशीला हवंय ते तिच्या गेटचं उत्तर.

तुम्ही स्वतः फोनची उंची बघून ठरवाल म्हणाल, तर नको. जीपीएसची उंची दहा-पंधरा मीटरने सहज चुकते. मी जाताना आणि येताना एकाच पुलाखाली नोंद घेतली, दोन्हींत नऊ मीटरचा फरक आला. पुरात एक मीटरने घर वाचतं किंवा जातं.

जमण्यासारखं एक आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कुणीही सुधारू शकतो, आणि त्यात रस्त्याला 'पूरप्रवण' अशी खूण लावायची सोय आहे. सायकलची बरीच ॲप्स त्याच नकाशावर चालतात. ती सगळी लगेच ही खूण वाचतील असं नाही, पण डेटा तरी असेल. घरी आल्यावर मी पात्रातल्या रस्त्याच्या दोन तुकड्यांना ती लावली. दहा मिनिटांचं काम.

परतताना मावशीकडे चहाला थांबलो. मावसभावाने मार्कर आणला आणि खांबावरच्या पट्ट्याशेजारी आम्ही तारीख लिहिली, खाली '३५,०००'. सोसायटीचे सेक्रेटरी काका आले, म्हणाले, "हे काय लिहिताय?" मावशीने सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले की २०,००० ला पाणी मागच्या भिंतीपर्यंत आलं होतं, ते त्यांना आठवतंय, तिथेही लिहा.